कक्ष क्रमांक दोनशे बारा

नांदेडला स्टँडवर नसीमनं विचारलं, बुकिंग कुठलं?
म्हटलं, बुकिंग नाही. सागाखाली.
ती हसली, आणि दशम्यांचा डबा
पिशवीत आणखी खोल दाबला.

भोकर गेलं, हिमायतनगर, इस्लापूर,
किनवटच्या पुढं एका फाट्यावर एसटी थांबली.
कंडक्टर म्हणाला, इथून पुढं गाव नाही, बाई.
आम्हाला गाव नकोच होतं.

जागा शोधायला एक तास गेला.
ओढ्यापासून लांब, कारण रात्री ओढा दुसऱ्यांचा.
वर वाळलेली फांदी नको, खाली वारूळ नको.
तंबू नसीमच्या भाच्याचा,
एका काडीला चिकटपट्टी, एका कोपऱ्याला
कुठल्याशा शिबिराची शाई.
फेब्रुवारी. सागाची पानगळ.
पाऊल टाकलं की अख्खं रान पापड मोडल्यासारखं बोलायचं,
लपून राहायची सोयच नव्हती.

मी वीजबिलाच्या खिडकीत बसते, अठरा वर्षं झाली.
जाळीतून हात आत येतात, माणसं बाहेर राहतात.
इथं अंधार पडत गेला
आणि त्याला मीटर नव्हता.
मी दोनदा मनगटावरचं घड्याळ पाहिलं, सवयीनं,
मग काढून बुटात ठेवलं.

बॅटरीचा उजेड हलत हलत आला.
मागोमाग काठी, मागोमाग तोडसाम नाकेदार.
'कायले आल्या?'
झोपायला.
'घरी जागा नाई का?'
नसीम म्हणाली, जागा आहे.
दीर आहेत, जावा आहेत, टीव्ही आहे.
तो खाली बसला. बराच वेळ
बॅटरी नुसती चालू-बंद करत राहिला.

मग सांगितलं :
विस्तव नाई. काडी नाई, उदबत्ती नाई.
एक पान पेटलं तं सारी बीट माह्या नावावर येते.
आणलं ते परत न्यायचं, केळाचं सालटंसुद्धा.
एकच रात.
आणि जायला उठला, उठता उठता म्हणाला,
'मोहाच्या दिवसात आमी बी असंच निजत होतो,
माय, मी, दोन बहिणी, झाडाखाली,
फुलं पडायच्या आधी जागं व्हावं लागे.
तंबू कुठला? लुगडं ताणलं की झालं.
त्याले काई नाव नोतं.'
उजेड जाळरेषेवरून उतरत गेला,
त्याला आता कुणाची परवानगी लागत असेल
हे विचारायचं राहूनच गेलं.

रात्री पान पडतं ते पडत नाही,
कुणीतरी पंगतीला पत्रावळ मांडतं तसं येऊन टेकतं.
एक. बऱ्याच वेळानं दुसरी.
रातवा एकसुरी ठोकत होता,
दूरच्या गिरणीचा पट्टा सैल झाल्यासारखा.
दोनच्या सुमाराला काहीतरी
तंबूला वळसा घालून गेलं, नाकानं श्वास घेत.
नसीमनं माझा हात धरला.
सोडला नाही, पण घोरायला लागली.
मी जागी होते आणि मला
कुणालाच काही द्यायचं नव्हतं, पावतीसुद्धा.

सकाळी दाराशी साळिंदराचा काटा,
काळा-पांढरा, वीतभर.
नसीमनं ओढणीला पुसला, पर्समध्ये ठेवला,
मग काढून होता तिथं टाकला.
'आपण आणलेला नाही,' म्हणाली,
जरा रागानंच.

तोडसाम वही घेऊन आला. नाव लिहिलं, गाव लिहिलं.
कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं.
वरच्या ओळींत होतं : सरपण, बैल हरवला, सरपण, मध.
त्यानं कानात पेन फिरवलं
आणि लिहिलं : निजणे.
सही करताना मला पहिल्यांदाच वाटलं
की रकाना बरोबर भरलाय.

तंबू उचलला तिथं पिवळा चौकोन दबलेला.
पायानं पानं सारखी केली,
जशी पाहुणी निघताना गोधडीची घडी घालते.

आता मंगळवार. खिडकीपुढं रांग.
काल रात्री नसीमचा फोन :
तंबू वाळत घातला तर घडीतून
सागाचं एक पान निघालं, ताटाएवढं,
भोकंभोकं पडलेलं.
काय करायचं त्याचं? तिनं विचारलं.
आणि दोघी गप्प,
पलीकडं टीव्ही चालू.